डोक्यातला स्टार्टर, पायातली मोटर

फुलकोबीचा गड्डा मधोमध चिरला तर वर दाणेदार फूल दिसते आणि आत त्याच्या पांढऱ्या दांड्या. माणसाचा मेंदू थोडाफार असाच आहे. वरच्या करड्या थरात विचार करणाऱ्या पेशी, आणि आत पांढरे द्रव्य, म्हणजे त्या पेशींच्या तारांचे जुडगे. मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग या तारांनीच भरलेला असतो.

"सायेब, मंग तो पांढरा भाग म्हंजे निरी चरबीच हाय का जी?" असे आमच्या बार्शीटाकळीच्या एका शेतकऱ्याने विचारले होते. प्रश्न बावळट नाही. बहुतेक तारांवर चरबीचे वेष्टण असते आणि त्यामुळेच तो भाग पांढरा दिसतो. मोटरच्या केबलवर रबर असते तसेच हे. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला एखादा मीटर सरकतो. वेष्टण असलेल्या जाड तंतूतून तो पन्नास-साठ मीटर धावतो.

दोन्ही अर्ध्या मेंदूंना जोडणारा वीस कोटी तंतूंचा एक पूलच आत आहे. पण आपल्या कामाची तार दुसरी. ती मेंदूच्या माथ्यावरून निघते, मानेच्या वर बाजू बदलते आणि पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत उतरते. पायांना चालण्याचा हुकूम तीच नेते.

ही तार तोडणारे एक पीक आपल्याच विदर्भात आहे. आपल्याकडे तूर-हरभरा, तशी भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे लाख किंवा लाखोळी. धान उभे असतानाच ओलीत बी फेकतात. ना नांगरट, ना पाणी. दुष्काळात सगळे गेले तरी लाख येते, आणि घात तिथेच होतो. १८२९ पासून सागरकडे लागोपाठ तीन वर्षे गहू बुडाला आणि लोक या दाण्यावर जगले. पुढे तिथल्या तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडल्याचे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. आयुर्वेदात याला कलायखंज म्हणतात, डॉक्टर लॅथिरिझम म्हणतात.

दाण्यातले विष मेंदूतील त्या पेशी आणि त्यांच्या लांब तारा झिजवते. स्टार्टर शाबूत, मोटर शाबूत, केबल मात्र खाल्लेली. माणूस हिशेब चोख करतो, बोलतो, पण पाय ताठून कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तुटलेली तार पुन्हा जुळत नाही. खाणे थांबवले तर रोग वाढत नाही, एवढेच.

कधीमधी वाटीभर आमटी खाल्ल्याने असे होत नाही. काही महिने तेच मुख्य अन्न झाले की होते. १९६१ साली केंद्राने विक्रीवर बंदी घातली, पेरा मात्र चालूच राहिला. मला विचाराल तर गरिबाच्या ताटात दुसरे काही नसेल तिथे नुसती बंदी काय करणार? रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत विष बरेच कमी आहे. घरातली डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले तर विष पुष्कळ उतरते. दुष्काळात फेकायला पाणी कुठले, हीच अडचण.

तुरीच्या डाळीत भेसळ होते ती हीच. लाखेचा दाणा गोल नसतो. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा, कोनेरी असतो. डाळ निवडताना घरच्या बायांनी त्यावर नजर ठेवावी. आणि कोणाचे पाय ताठू लागले तर लाखच असेल असे धरून घरी बसू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मणक्याचा क्षयही अशीच लक्षणे दाखवतात. त्यांवर औषध आहे, पण लवकर गेले तर.