घरातल्या धाकट्याला खरं सांगा

फौजी सुट्टीवर आला की लोक त्याच्या आईची विचारपूस करतात, बायको असेल तर तिची करतात. नववी-दहावीतल्या भावाला फार तर एवढंच विचारतात, ‘काय रे, दादानं कॅन्टीनची आणली का?’ पोरगं हसतं आणि सटकतं. ते रात्री झोपलं होतं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

मी सुकापूरला राहते, पनवेलच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. २०२५च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं, १० तारखेला गोळीबार थांबला, गावोगाव तिरंगा यात्रा निघाल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गातला एक मुलगा दाराजवळचा बाक सोडेना. मधल्या सुट्टीत डबा न उघडता ऑफिसात यायचा, ‘घरी एक फोन करू का’ म्हणायचा. भाऊ सीमेवरून रजेवर आला होता. मुलाची ओळख पटू नये म्हणून याहून जास्त सांगत नाही. मला त्याला फार खोदून विचारावंही लागलं नाही. १९९० साली मी त्याच्याच वयाची होते आणि माझा दादा श्रीलंकेहून परत आला होता.

आजच्या मुलांना ती लढाई माहीत नाही. त्यांच्या आईबापांनाही फारशी आठवत नाही. जुलै १९८७मध्ये राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला, आपली शांतिसेना तिकडे गेली, आणि दोनच महिन्यांत जाफन्यात तमिळ वाघांशी लढाई जुंपली. मराठा लाइट इन्फन्ट्री तिथे होती, महार रेजिमेंट होती. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच वर्षी नोव्हेंबरात पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तीन वर्षांत आपले ११००हून अधिक जवान गेले. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत. कारगिलच्या वेळी टीव्ही होता, फटाके होते, शाळाशाळांतून पत्रं गेली. दादाच्या लढाईत नक्की कोणाशी आणि कशासाठी लढलो, हेच आमच्या घरात कुणाला सांगता येत नव्हतं.

दादा दोन महिन्यांच्या रजेवर आला तो पावसाळ्याच्या तोंडावर. सुकापूर तेव्हा गाव होतं. माथेरान रस्त्याला आजच्यासारख्या इमारती नव्हत्या, भातखाचरं होती. बाबा रसायनीला कारखान्यात होते. आमचं मूळ गाव महाडकडचं, तिकडे घरटी एक फौजी, त्यामुळे दादा भरती झाला त्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. परत आला तो वाळलेला, दाढी नीट केलेला आणि फार नम्र. पहिले आठ-दहा दिवस आई सगळ्यांना सांगत होती, पोरगा सुधारून आलाय.

मग मला कळायला लागलं. आईच्या आधी मला, कारण तो माझ्याबरोबर असायचा. डांबरी सडकेपर्यंत जायला शेताच्या बांधावरून वाट होती. तिथून मला एसटी मिळायची. दादा सोडायला यायचा, पुढे चालायचा आणि म्हणायचा, ‘माझ्या पावलावरच पाऊल ठेव. बाजूला नाही.’ जाफन्याच्या वाटांवर वाघांनी सुरुंग पेरले होते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? चौदा वर्षांची मुलगी, दप्तर पाठीला, भावाच्या चिखलातल्या पावलांत उड्या टाकत चाललेय आणि शेजारच्या खाचरात लावणीच्या बायका बघून हसतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ताडाच्या झाडाखाली तो उभाच राहत नसे. आमच्या भागात ताड थोडे आहेत काय! प्रत्येक ताडाकडे वर बघत, लांबून वळसा घालून जायचं. तिकडे ताडांच्या शेंड्यांत बंदूकवाले बसायचे, हे त्यानं मला सांगितलं ते मी दोन मुलांची आई झाल्यावर.

कुकरची शिट्टी बंद झाली; आई पातेल्यात भात शिजवायला लागली. मी स्टीलची भांडी फडक्यावर ठेवायला शिकले. रात्री तो उठून दाराची कडी बघायचा, पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा. एकदा बाबांनी त्याला झोपेतून हलवून उठवलं तर त्यानं त्यांचा गळा धरला. दुसऱ्या दिवशी बाबा गळ्याशी मफलर गुंडाळून कामाला गेले, जूनच्या उकाड्यात.

घरातल्या मोठ्यांनी काय केलं? त्या काळी जे कुणीही केलं असतं तेच. पहिल्यांदा उष्णता झाली म्हणून सब्जा आणि ताक. मग बाहेरचं असेल म्हणून भगत. त्यानं लिंबू कापलं, कोंबडं घेतलं. मग मामा म्हणाला, लग्न उरकून टाका, ताळ्यावर येईल. आणि संध्याकाळी कॅन्टीनची रम प्यायला हेच मामा, हेच काका ओटीवर हजर. दादा प्यायला की त्याला झोप लागायची, म्हणून आईनंही कधी अडवलं नाही. दारूचं ते लोढणं त्याच्या गळ्यात पुढे कैक वर्षं राहिलं.

मला मात्र एकच सांगितलं गेलं: ‘कुणाला बोलू नकोस आणि दादाकडे लक्ष ठेव.’

माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. आई-बाबांवर नाही, त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. पण हे वाक्य आजही घराघरांत तसंच्या तसं बोललं जातं. वर्गातल्या त्या मुलालाही तेच सांगितलेलं होतं. काय झालंय ते सांगायचं नाही, पण राखण करायला बसवायचं. दादा का ओरडला? मी ताट आपटलं म्हणून. दादा दोन दिवस बोलला नाही? मी काल हसले म्हणून. कारण दिलं नाही तर मूल कारण शोधतंच, आणि त्या वयात ते बहुतेक वेळा स्वतःपाशी येऊन थांबतं. दहावीच्या वर्षभर माझी अशी समजूत होती की मी पुरेशी हळू चालले तर दादा बरा होईल.

लोक म्हणतात, पूर्वी हे असलं काही नव्हतं, पूर्वीचे लोक घट्ट होते. आमच्या आजीनं तिच्या लहानपणी बसऱ्याहून आलेला एक हवालदार बघितला होता. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, एप्रिल १९१६मध्ये शरणागती झाली, कित्येक कैदेतच गेले. त्यातूनच हा सुटून आला होता की नाही, आजीला माहीत नव्हतं. तो शिळी भाकरी उशाखाली ठेवून झोपायचा आणि गावातली पोरं ती पळवायची. म्हणजे होतंच. त्याला धाकटी बहीण होती का, हे मी आजीला विचारलं होतं. तिला आठवलं नाही. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ला इटलीत एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथेच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असे पुतळे असायलाच हवेत. जे पडले नाहीत, घरी आले आणि घरीच राहू शकले नाहीत, त्यांचं काय करायचं हे मात्र आपण घरच्या माणसांवर सोडून दिलं.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या कुणी मला सैन्याची बदनामी केली म्हणेल. लढाईहून आलेले बहुतेक जवान धड येतात, घरात रमतात. जे आजारी पडतात तेही सरसकट धोक्याचे नसतात; दादानं माझ्यावर कधी हातही उचलला नाही. पण आजार आहे तर आजार म्हणा. डॉक्टरांच्या पुस्तकांत या आजाराला पीटीएसडी हे नाव १९८० साली मिळालं, म्हणजे दादा भरती व्हायच्या आधी. आमच्या घरी ते पोचलं २००३नंतर. त्या वर्षी माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्ययोजना सुरू झाली आणि पेन्शन आलेल्या दादाला एका डॉक्टरनं मानसोपचाराकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. नोकरीत असताना तो का गेला नाही? कॅटेगरी पडेल म्हणून. सैन्यात जवानाच्या तब्येतीची पाच इंग्रजी अक्षरांत नोंद असते, त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं. ते घसरलं की बढती अडते, पलटणीत कुजबुज होते. त्यापेक्षा दात आवळून हवालदार झालेलं बरं, असा त्याचा हिशेब होता आणि त्याच्या जागी तो चुकीचा नव्हता. ही भीती कमी करणं सैन्याच्या हातात आहे. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी डिसेंबर २०२३मध्ये टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष सुरू झाला, ही त्या दिशेची चांगली गोष्ट. पण रजेवर निघालेल्या जवानाच्या घरी कुणी दोन पानी मराठी पत्रक पाठवतं का, की झोप उडू शकते, आवाजाला दचकू शकतो, झोपेत हात लावून उठवू नका, लांबून नावानं हाक मारा? गळा आवळला जाण्याआधी एवढं माहीत असतं तर बाबांना मफलर लागला नसता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला आहे, तिथून असं पत्रक टपालानं सुकापूरला यायला किती खर्च येतो?

शाळांचंही सांगते, कारण ते माझं खातं आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शाळा-कॉलेजांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. आदेशाच्या मुळाशी विद्यार्थ्यांच्या आत्महत्या होत्या, त्यामुळे सगळी चर्चा परीक्षा आणि क्लासेसभोवती फिरते. समुपदेशक येईल तेव्हा येईल. तोवर वर्गशिक्षकानं जूनमध्ये एक प्रश्न विचारला तरी चालेल: घरी कोण आजारी आहे, आणि रात्री त्याच्याजवळ कोण असतं? बापाची नोकरी, जात, आधार नंबर हे सगळं आपण फॉर्मवर लिहून घेतोच. मग सहामाहीत गणितात आठ मार्क पडले की पालकांना बोलावून ‘मोबाइल जास्त बघतो’ म्हणायची वेळ येणार नाही.

काही शिक्षकमित्र म्हणतात, घरच्या भानगडीत शाळेनं का पडावं? त्यांचं एका बाबतीत पटतं. शाळेनं डॉक्टरकी करू नये, घरी जाऊन जवानाला उपदेश तर मुळीच करू नये. धाकट्याला मात्र दिवसातून पाच-सहा तास अशी जागा द्यावी जिथे त्याला राखण करावी लागत नाही. त्या मुलाला मी फळ्याजवळ बसवायचा प्रयत्न केला, तो बसला नाही. मग दाराजवळच राहू दिलं आणि फोन करायला ऑफिसात जायची रोजची वेळ ठरवून दिली. वेळ ठरल्यावर मधल्या सुट्टीत डबा उघडायला लागला. पुढे त्यानं आपण होऊन विचारलं, ‘बाई, १४४१६वर फोन केला तर दादाचं नाव सांगावं लागतं का?’ हा टेली-मानसचा नंबर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र सुरू असतो. स्वतःचंही नाव सांगितलं नाही तरी बोलता येतं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं फोन केला की नाही, मी विचारलेलं नाही.

त्याची आई मात्र शाळेत आली. तिच्या परवानगीनं एवढं लिहिते. म्हणाली, ‘लहान आहे हो तो. त्याला कशाला सांगायचं?’ मी म्हटलं, त्याला सगळं ठाऊक आहे. तुमच्या थोरल्याला कुठल्या रात्री किती वाजता जाग आली, हे तो तुमच्यापेक्षा अचूक सांगेल. त्याला माहीत नाही ते एवढंच, की यात त्याचा दोष नाही आणि यावर औषध आहे. तेवढं सांगा, आणि आज रात्रीपासून कडी तुम्ही बघा किंवा त्याचे बाबा बघू देत.

ती जरा वेळ गप्प बसली. मग विचारलं, ‘थोरल्याच्या पाठीमागे सांगू ना?’

नाही, मी म्हटलं. त्याच्या समोर सांगा. जमलं तर त्यालाच सांगू दे.