ट्रेलर पार्कचं परमिट

आमचा एक मित्र सध्या मोबाइल होम घ्यायच्या विचारात आहे. बे एरियातल्या घरांच्या किमती बघता यात नवल काहीच नाही. एकट्या सॅन होजे शहरात असे कितीतरी पार्क आहेत. परवा जेवताना विषय निघाला तेव्हा मी सहज विचारलं, "पार्कचं पाणी, ड्रेनेज वगैरे कसं आहे?" तर म्हणाला, "अरे, ऑफिसात परमिट लावलंय की भिंतीवर. तपासल्याशिवाय देतात होय?"

मी गप्प बसलो, कारण मलाही तेच वाटत होतं. मग अख्खा वीकेंड हेच वाचण्यात घालवला.

मुळात 'मोबाइल होम' हे नावच फसवं आहे. एकदा जागेवर बसवलं, की यातली बहुतेक घरं पुन्हा हलत नाहीत. हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनं घर प्रवासात टिकत नाही आणि दुसऱ्या पार्कात जागा मिळेलच असंही नाही. घर तुमचं, पण खालची जमीन पार्कमालकाची, तिचं दरमहा भाडं. गेटच्या आतले रस्ते, पाण्याचे पाइप, ड्रेनेज सगळं बहुधा मालकाच्याच ताब्यात. म्हणजे एक छोटी नगरपालिकाच म्हणा ना, फक्त तिथे निवडणूक होत नाही!

या छोट्या नगरपालिकेवर लक्ष कोण ठेवतं? कॅलिफोर्नियात राज्याचं गृहनिर्माण खातं, किंवा जिथे स्थानिक प्रशासनाने जबाबदारी घेतली आहे तिथे ते. परमिटचं नूतनीकरण दरवर्षी होतं. पण राज्याच्या खात्यावर संपूर्ण पार्क तपासण्याचं जे बंधन आहे, ते वर्षाला किमान ५ टक्के पार्कांचं. आता हिशेब करा. किमानावरच गाडी चालली, तर प्रत्येक पार्काची पाळी यायला २० वर्षं! तक्रार आली तर वेगळी तपासणी होते, हे खरं. पण ज्याच्या जमिनीवर आपलं घर उभं आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला छाती लागते.

आता तुम्ही म्हणाल, मग तपासण्या वाढवा आणि नापास झालेले पार्क बंद करा. मलाही आधी हेच सुचलं होतं. पण कोचेला व्हॅलीची गोष्ट वाचली आणि मत बदललं.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, रिव्हरसाइड काउंटीत हा वाळवंटी भाग आहे. द्राक्षं, खजूर, भाजीपाला, आणि तो तोडणारे शेतमजूर. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काउंटीने तिथल्या बेकायदा ट्रेलर पार्कांवर मोहीम काढली. नियमाने बघितलं तर बरोबरच होतं. पण पार्क गेले तरी माणसं तिथेच होती, द्राक्षंही तिथेच होती. त्यातली बरीच कुटुंबं टोरेस मार्टिनेझ या आदिवासी जमातीच्या राखीव जमिनीवर गेली, जिथे काउंटीचे हे नियम लागूच होत नाहीत. तिथला एक पार्क वाढत वाढत काही हजार वस्तीचा झाला. लोक त्याला ड्युरोव्हिल म्हणायचे. उघडं सांडपाणी, धोकादायक वायरिंग, सगळं तिथे होतं. म्हणजे तपासणीने घाण गेली नाही, ती तपासनीस पोचणार नाही अशा ठिकाणी गेली.

२००९ मध्ये फेडरल न्यायाधीश स्टीफन लार्सन यांच्यासमोर हा पार्क बंद करण्याची मागणी आली. त्यांनी ती मान्य केली नाही, कारण एवढ्या लोकांना जायला जागाच नव्हती. पार्क रिसीव्हरच्या ताब्यात राहिला, दरम्यान दुसरीकडे नवी घरं बांधली गेली, आणि मग २०१३ मध्ये ड्युरोव्हिल बंद झालं. उशीर झाला, पण क्रम बरोबर होता. आधी घर, मग कुलूप.

त्याच राखीव जमिनीवर ओअॅसिस नावाचा आणखी एक पार्क आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं, कायद्याच्या मर्यादेच्या जवळपास दहापट. मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. आर्सेनिकला वास नाही, रंग नाही. आपल्याकडची 'पाणी उकळून प्या' ही युक्तीही इथे चालत नाही, उलट पाण्याची वाफ होऊन प्रमाण वाढतं. ईपीएने २०१९ पासून एकामागून एक तातडीचे आदेश काढले. २०२१ मध्ये राज्याने लोकांच्या स्थलांतरासाठी ३ कोटी डॉलर मंजूर केले. तोवर मुलं आंघोळ कुठल्या पाण्याने करत होती, ते सांगायला नकोच.

लॉस एंजेलिस काउंटीत १९९८ पासून हॉटेलांच्या दारावर ए, बी, सी अशी ग्रेड लावतात. ती चालते, कारण 'सी' बघून गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जातं. पार्कातल्या माणसाला शेजारी जाताच येत नाही. तिथे नुसती ग्रेड लावून काय होणार? मुंबईकरांना हे नवीन नाही. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी येते, नोटिसा लागतात, आणि लोक तिथेच राहतात. त्यांना नोटीस वाचता येत नाही म्हणून नव्हे, जायचं कुठे म्हणून.

आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टरने बग शोधला आणि त्यावर सर्व्हर कायमचा बंद करणं हा एकच उपाय असला, तर हळूहळू टेस्टर बग नोंदवायलाच बिचकेल. तपासनीसाचंही तेच होत असणार. म्हणून माझं मत असं, की तपासणी नापास झाली की कुलूप नको, दुरुस्ती हवी. जमिनीचं भाडं मालकाच्या खिशात न जाता रिसीव्हरकडे जावं आणि आधी पाइप, मग नफा. पाण्याचा अहवाल प्रत्येक घरी, त्या घरात बोलतात त्या भाषेत पोचावा. आणि जिथे दुरुस्ती शक्यच नाही, तिथे पर्यायी घर तयार झाल्याशिवाय कुणालाही हलवू नये. खर्च येईल, मान्य. पण ओअॅसिसचा खर्च शेवटी करदात्यांनीच भरला ना?

असो. मित्राला काल फोन केला. म्हटलं, परमिट राहू दे, शेवटची पूर्ण तपासणी कुठल्या साली झाली ते विचार, आणि पाण्याचा अहवाल माग. संध्याकाळी त्याचा फोन आला. पार्कच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या म्हणे, "हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."