वीस टक्क्यांची रेघ

काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरातील जुनी मराठी वस्ती पाहताना मला उत्तर मॅसिडोनिया आठवतो. बाल्कन प्रदेशातील हा भूवेष्टित देश. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १८ लाख. मॅसिडोनियन बहुसंख्य, अल्बेनियन सुमारे चतुर्थांश, शिवाय तुर्क, रोमा व सर्ब. २००१ मधील सशस्त्र संघर्षानंतर ओह्रिड करार झाला. ज्या नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक किमान २० टक्के असतील, तेथे ती भाषा कारभारात आली. बंदुका थांबल्या, पण मग शिरगणतीच वादात सापडली. २०११ ची गणना अर्ध्यावर सोडावी लागली आणि २००२ नंतरची गणना २०२१ मध्येच पूर्ण झाली.

काशीतील मराठी समाज अशा रेघेच्या जवळपासही पोचणार नाही. तरीही गागाभट्ट येथलेच. आणि येथेच जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी ‘आज’ दैनिकातून हिंदी पत्रकारिता घडवली. संख्येवरून समाजाचे मोल ठरत नाही, ते असे.

आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यांना सांगतो. त्यात टक्केवारीची अट नाही. माझ्या मते, प्रशासनाने संख्या जरूर पाहावी; परंतु रेघेखालचे मूल नजरेआड करू नये. आणि परप्रांतातील आपण मराठी पालकांनी ही सोय मागितलीच नाही, तर तो अनुच्छेद कागदावरच राहील.