चिठ्ठीविना मलम नको
खाज सुटली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या ट्यूबमध्ये अनेकदा क्लोबेटासोल हे अतितीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली उतरते, पण गजकर्णाची बुरशी आतून पसरतच राहते. चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळले तर कातडी पातळ होते. डॉक्टरांची फी परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे; पण चिघळलेले गजकर्ण त्याहून महाग पडते. मात्र स्टेरॉइडच्या धास्तीने डॉक्टरांनी इसबासाठी दिलेले मलम मध्येच सोडणेही चूकच. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढे मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. केंद्राने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीच्या सक्तीखाली आणली. दुकानदारांनी ती चिठ्ठी मागावी आणि अन्न व औषध प्रशासनाने ती मागितली जाते का, हे दुकानात जाऊन पाहावे.