कोयता एक, माणसं दोन



नांदेड-लातूरच्या आपल्या बैठकांमध्ये विषयांचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी मजुरी, रेशन, पाणी. मग मारहाणीच्या आणि पोटगीच्या केसेस. भाषा आणि संस्कृती हे विषय वेळ उरला तर. पोटाचा प्रश्न खरा आणि भाषेचा प्रश्न शिकलेल्यांचा, अशी समजूत त्यामागे असते. मला या वेळी त्या समजुतीशीच भांडायचं आहे. बाईच्या हातात किती पैसे पडणार याचा निवाडा पुष्कळदा एखाद्या शब्दातच आधी होऊन गेलेला असतो.

ऊसतोडीचंच घ्या. कंधार, मुखेड, लोहा, इकडे अहमदपूर, जळकोट या बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर तो 'अर्धा कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात पडते, अंगठा त्याचा, टनाचा हिशेबही त्याच्याशीच. ऊस तोडायला, साळायला, मोळ्या बांधायला आणि डोक्यावर वाहून गाडी भरायला मात्र दोघं. कोपीवर परतल्यावर पाणी, भाकरी, लेकरं ही तिसरी पाळी तिची एकटीची. पट्टी निघते तेव्हा तिच्या नावावर किती, हा प्रश्नच निघत नाही, कारण हिशेबात तिचं नावच नसतं.

आता उलट बाजू पाहा. नवरा आजारी पडला, टोळी सोडून गेला किंवा मेला, तर मुकादम फिटायची राहिलेली उचल मागायला तिच्याच दारात येतो. कमाईत ती दिसत नाही, कर्जात बरोबर दिसते.

'कोयता' हा शब्द कारखानदारीने एकटीने घडवलेला नाही. नवरा-बायको एकजीव, संसार दोघांचा, त्यात तुझं-माझं काय, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. लग्नगीतांतून, व्रतांच्या कहाण्यांतून, थोरल्या बायकांच्या तोंडून ते आपल्यापर्यंत आलं आहे. साखरेच्या धंद्याने ही शिकवण आयती उचलली. जोडीला दोन मजूर म्हटलं तर दोघांशी करार करावा लागेल, दोघांच्या आजारपणाची आणि अपघाताची जबाबदारी घ्यावी लागेल. 'कोयता' म्हटलं की हे सगळं टळतं. म्हणून मी म्हणते, संस्कृती ही अर्थव्यवस्थेच्या भिंतीवर काढलेली वेलबुट्टी नव्हे. भिंतीच्या पायात घातलेले काही दगडही तिचेच आहेत.

दुसरा शब्द 'खाडा'. काम बुडालं की खाडा आणि खाड्याला दंड. पाळीत पोट दुखलं, बाळंतपण जवळ आलं, अंगात ताप असला, तरी वहीत त्या सगळ्याचं नाव एकच. कारण विचारणारा रकाना तिथे नाही. याला जोडूनच तिसरा शब्द येतो, 'पिशवी'. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कमी वयातलं लग्न, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसणं, वारंवार होणारा संसर्ग, कॅन्सरची घातलेली भीती आणि खाड्याचा धाक, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पण 'पिशवी' या शब्दाचाही त्यात हात आहे. पिशवी म्हणजे रिकामी झाली की काढून ठेवायची वस्तू. लेकरं झाली, आता तिचं काय काम? शरीराचा अवयव असा वस्तू होऊन बसला की तो काढायला सांगणाऱ्यालाही सोपं जातं आणि 'हो' म्हणणारीलाही.

हे फक्त मुकादमाच्या वहीतच चालतं असं नाही. अंगणवाडीतली बाई 'सेविका', तिच्या हाताखालची 'मदतनीस', 'आशा' ही स्वयंसेविका. त्यांना मिळतं ते 'मानधन'. शब्द मानाचा आहे, म्हणूनच घातक आहे. सेवा म्हटली की तास मोजायचे नाहीत, मानधन म्हटलं की किमान वेतनाचं बोलायचं नाही. आईपणाची सगळी पुण्याई सरकारने स्वस्तात वापरून घेतली.

कुणी विचारील, शब्द बदलून मजुरी वाढते का? नुसता बदलून नाही वाढत. शब्दासाठी भांडून मात्र फरक पडला आहे. अंगणवाडीच्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या, कोर्टात गेल्या. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांचं मानधन हे ग्रॅच्युइटीच्या कायद्याखाली वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. त्याही आधीचं उदाहरण आपल्या मराठवाड्याला जवळचं आहे. १९७२च्या दुष्काळात बायका खडी फोडायला गेल्या. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं लागलं, दर बाप्याइतकाच ठरला, कामावर पाळणाघराची तरतूद झाली. अंमलबजावणीत खोट पुष्कळ राहिली. पण हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला तहसीलवर जाऊन 'माझे पैसे कुठे' असं विचारता येतं. कोयत्यातल्या बाईला तेही विचारता येत नाही.

म्हणून येत्या हंगामाआधी गावोगावच्या गटांनी तीन गोष्टी धराव्यात. २०२१ मध्ये सरकारने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. त्यात नवरा-बायकोची दोन वेगळी नावं लागली आहेत का, ते ग्रामपंचायतीत जाऊन पाहावं. उचलीच्या कागदावर दोघांची नावं, दोघांचा हिस्सा आणि तिचे पैसे तिच्या खात्यात, अशी मागणी मुकादमाकडे आणि कारखान्याकडे एकत्र करावी. एकटी बोलली तर तिचा कोयता डावलला जाईल. आजारपणाला आणि बाळंतपणाला खाडा धरू नये, हे त्याच कागदावर लिहून मागावं.

आणि बैठकीत एक तास शब्दांसाठी ठेवा. तुमच्या गावात बाईच्या कामाला काय म्हणतात, कोणत्या कामाला नावच नाही, 'काय करता?' असं विचारल्यावर कोण कोण 'काही नाही, घरीच असते' असं सांगते, ते तुमच्याच बोलीत लिहून काढा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.