वाढप्याने का नाचावे?

आरंभीच सांगून टाकतो, की मी जेवणाच्या विरुद्ध नाही आणि करमणुकीच्याही नाही. यवतमाळ जिल्ह्यात ज्याचा जन्म गेला, आलू-वांग्याची भाजी, बुंदी आणि मठ्ठा यांवर ज्याचा पिंड पोसला, त्याच्यावर असा आरोप घेणारा माणूस वऱ्हाडी नव्हेच. माझे भांडण आहे ते अलीकडे या दोन गोष्टींची जी गाठ मारली जाते, तिच्याशी. ही गाठ मी प्रथम पाहिली ती समुद्रावर.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी आम्हा उभयतांना सिंगापुराहून सुटणाऱ्या एका जहाजावर चार दिवसांच्या सहलीला नेले. जहाज कसले, एक बऱ्यापैकी खेडेच पाण्यावर सोडलेले! शेवटच्या रात्री भोजनगृहातले दिवे एकाएकी मंदावले. मला वाटले, वीज गेली, आपल्याकडची सवय. पण ढोल वाजू लागले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वाढपी पोरांची रांग ताल धरीत बाहेर पडली. एकेकाच्या हातात तबक, तबकात 'बेक्ड अलास्का' नावाचे पक्वान्न. खाली केक, वर आइस्क्रीम, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा गोड फेस आणि तो फेस तेवढा वरून भाजलेला. पूर्वी म्हणे यावर मद्य ओतून खरीच ज्योत पेटवीत. आगीच्या भीतीने आता कित्येक जहाजांवर विजेरीची मेणबत्ती लावतात. पोरे टेबलांमधून नाचत फिरली, आणि बसलेली मंडळी हातरुमाल डोक्यावर गरगर फिरवीत ओरडू लागली. आमच्या सौ.ने तेवढ्या गदारोळातही विचारलेच, "यात अंडं आहे का हो?"

मी रुमाल फिरवायला हात वर केला, आणि तो वरच राहिला. रांगेतला तिसरा मुलगा आमच्या गावचा होता.

नाव सांगत नाही. त्याने नको म्हटले आहे. त्याचा आजा आमच्या घरी सालदार होता. बाप दोन एकर कोरडवाहूवर कापूस पेरतो, आणि कापसाने या जिल्ह्यात काय केले ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला मी सांगायला नको. पोरगा माझ्याच शाळेत शिकला. पाढे खणखणीत म्हणायचा, पण स्नेहसंमेलनात नाच म्हटले की संडासात लपून बसायचा. तोच हा, चेहऱ्यावर हसू चिकटवून कंबर हलवीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या टेबलाशी आला, त्या गोऱ्या-पिवळ्या मंडळींदेखत पाया पडला आणि म्हणाला, "वळखलं नाई काय सर मले?"

मग जे कळले ते असे. नऊ महिन्यांचा करार, बोटीवरून घर नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत तीनदा वाढप. २००६ साली जीनिव्हात खलाशांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानेही तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे जहाजावरच्या माणसाला दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती द्यावी लागते. ऐकायला बरे वाटते. पण उलटा हिशेब करा, म्हणजे बाकीचे तास कोठे जाऊ शकतात ते कळेल. त्या तासांतच नाचाची तालीम. पगाराचा मोठा भाग पाहुण्यांच्या बक्षिशीवर, म्हणून पाहुणा खूश हवा. पाहुणा नाचाने खूश होतो, म्हणून नाच. "ज्याले नाचता येत नाई त्यानं?" मी विचारले. "शिकते जी," तो म्हणाला. "आपोआप शिकते."

मला संताप आला. मी त्याला आमच्या पंगतीचे पुराण ऐकवू लागलो. पळसाच्या पत्रावळी, घरच्याच पोरांनी वाढलेले वरण-भात, यजमानाने हात जोडून म्हटलेले "सावकाश होऊ द्या"... त्याने सगळे ऐकून घेतले. मग अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या घरच्या लग्नात उष्ट्या पत्रावळ्या कोन उचले? माहा आजाच ना? आन् तो जेवे कुठं? गोठ्यापाशी. इथं नाचलो का लोकं टाळ्या तरी वाजवते."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आमच्या पंगतीला जातीची रांग होती, आणि विहिणींची गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या पानात चौथ्या पंगतीला गार भात पडे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकरीचे सहभोजन हे आंदोलन म्हणून चालवावे लागले, यातच आपल्या भोजनसंस्कृतीची परीक्षा झाली. तेव्हा जुन्या पंगतीची आरती ओवाळायला मी येथे बसलेलो नाही.

पण वाचकहो, त्या पंगतीत एक गोष्ट खरी होती, आणि नेमकी तीच आपण फेकून दिली. पंगतीतली करमणूक जेवणाराने करायची असे. श्लोक म्हणायचा तो पानावर बसलेल्याने. पोराटोरांची पाळी आली, की तोंडातला घास आणि डोक्यातला श्लोक एकदमच अडके, आणि सगळी पंगत हसे. उखाणा घ्यायचा तो नवरा-नवरीने. विहिणीच्या पंगतीत गाण्यातून चिमटे बसायचे ते थेट विहीणबाईंना, आणि ते त्यांनी हसून गिळायचे. जिलब्यांच्या पैजा लावून पोट धरून उठणारे आमचे एक मामा तर स्वतःच एक खेळ होते! वाढणारा नवरीचा भाऊ घामाघूम होई, पण त्याला कोणी नाच म्हणत नसे. म्हटले असते, तर "तू नाच, मी जेवतो" असे म्हणून त्याने वरणाची बादली त्याच्या हातात दिली असती. बादली देण्याचा तो हक्क माझ्या विद्यार्थ्याला जहाजावर नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

आणि आता हे सारे समुद्र ओलांडून यवतमाळात आले आहे. गेल्या वैशाखात दारव्हा रोडकडच्या एका लग्नाला गेलो होतो. दिवे मालवले, डीजे दणाणला, आणि फेटे बांधलेली कोवळी पोरे ठिणग्या उडवणाऱ्या नळ्या लावून जिलबीची ताटे नाचवीत आली. बाहेर पारा कुठे होता ते वैशाखात यवतमाळला राहिलेल्याने सांगावे. पाहुणे मोबाइल उगारून उभे. वधूपिता सोफ्यावर. "सावकाश होऊ द्या" म्हणायला कोणी फिरकले नाही; ते काम बहुधा कंत्राटात नव्हते. एका पोराला मी विचारले, तर कळले की नाचाचे वेगळे पैसे नाहीत. न नाचणाऱ्याला पुढच्या लग्नाला बोलावत नाहीत, इतकेच.

कोणी म्हणेल, सेवा आणि कला एका माणसात असली तर बिघडले काय? काहीच नाही. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात गाव हसवीत, रडवीत. पण त्यांच्या हातात झाडू कोणी दिला नव्हता, आणि कीर्तन आवडले नाही म्हणून त्यांची भाकरी कोणी तोडू शकत नव्हते. उलट श्रोत्यांनाच ते प्रश्न विचारून घाम फोडीत! तसा वाढपी कोणी आणून दाखवा, मी रुमालच काय, उपरणे फिरवीन.

तोवर माझे म्हणणे असे, की लग्नघरच्यांनी वाढपाचे दाम पुरते मोजावेत, नाच कंत्राटातून खोडावा, आणि हौस असेल त्या वऱ्हाड्याने स्वतः उठून गावे. गळा नसेल तर उखाणा घ्यावा. तोही येत नसेल तर मुकाट जेवावे.

माझ्या नातीचे लग्न या मार्गशीर्षात गावीच आहे. तो मुलगा तेव्हा रजेवर येणार आहे. त्याला आणि त्याच्या बापाला पहिल्या पंगतीचे आमंत्रण मी फोनवर दिले, आणि पत्रावळी मी उचलणार असेही सांगितले. तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "येतो सर. श्लोक म्हनतो वाटलं तर. पन रुमाल नाई फिरवनार."

सौ.चे म्हणणे, पत्रावळी उचलायच्या तर आधी वाकता येते का ते पाहा. रोज सकाळी अंगणात सराव चालू आहे.