मळ म्हणजे वास्तव नव्हे

युद्धकालीन लढाऊ विमानांच्या लहान प्रतिकृती जोडून रंगविणे हा निव्वळ पोरखेळ आहे, असे मानणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. १९५३ साली एअरफिक्स कंपनीने स्पिटफायर विमानाचा प्लॅस्टिकचा संच विक्रीस आणला. तेव्हापासून या छंदाने असंख्य हातांस नेमकेपणाची शिस्त लाविली आहे. परंतु या कलेत आता एक रूढी माजली आहे. रंगकाम आटोपले की पत्र्यांच्या प्रत्येक सांध्यात काळसर पातळ रंग सोडावयाचा, कडांवर चंदेरी ठिपके देऊन रंगाचे टवके उडाल्याचा भास निर्माण करावयाचा, धूरनळ्यांमागे काजळी ओढावयाची, आणि या सर्वांस ‘वास्तवता’ म्हणावयाचे! मळ जितका अधिक तितके वास्तव अधिक, असा हा हिशेब आहे.

तो हिशेबच तपासू. १:७२ या प्रमाणात स्पिटफायरच्या पंखांचा सुमारे ३७ फुटांचा विस्तार सहा इंचांत मावतो. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दिला, तर मूळ विमानावर तो ३६ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ दीड इंचाचा व्रण होतो. असे शेकडो व्रण अंगावर वागविण्यास विमान जुने तरी व्हावयास हवे. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढलेली कित्येक विमाने तर रंग विटण्याइतकी जगलीच नाहीत.

शिवाय मळास रचनेचे ज्ञान लागते. हरिकेन विमानाच्या धडाचा मागील भाग कापडाने मढविलेला असे. तेथे पत्र्याचे टवके कोठून उडणार? मॉस्किटोचे धड लाकडाचे. त्यावर पत्र्यांचे सांधे रेखणे म्हणजे लाकडास लोखंड म्हणणेच होय. मस्टँगच्या पंखांच्या पुढील भागातील सांधे कारखान्यातच पुट्टीने बुजवून घासले जात. आमचे कलावंत जे बुजविलेले तेच काळे करून दाखवितात, आणि परीक्षक माना डोलावतात!

‘परंतु जुन्या छायाचित्रांत मळ दिसतो की!’ असे प्रतिपक्ष म्हणेल. दिसतो, हे निर्विवाद. पण तो त्या विमानाचा, त्या महिन्याचा मळ असतो. स्पिटफायरच्या पंखांतील बंदुकांची तोंडे लाल कापडी पट्ट्यांनी झाकीत. पट्टी फाटलेली आणि मागे काजळी दिसली, म्हणजे विमान गोळ्या झाडून परतले. वैमानिक डाव्या बाजूने आत चढे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी रंग झिजे. जपानी लष्कराच्या काही विमानांवर प्रायमरवाचून रंग दिल्यामुळे तो खरोखरच सोलून निघे. येथे प्रत्येक डागास कारण आहे. डाग हा साक्षीदार आहे. दुसऱ्याच्या प्रतिकृतीवरून उचललेला डाग मात्र पढविलेल्या साक्षीदारासारखा असतो.

एवढ्याशा खेळण्यासाठी इतका कडवेपणा कशास, असे कोणी विचारील. कारण असे की, विमानाचा पृष्ठभाग मळला व खरबरीत झाला की वेग घटतो, आणि त्या युद्धात वेग म्हणजे वैमानिकाचा प्राण. म्हणून विमानतळावरील कारागीर रात्र रात्र जागून विमान दुरुस्त करीत, पुशीत, घाशीत. त्या अनाम माणसांच्या श्रमावर हे हौशी लोक शोभेसाठी काजळी फासतात! युद्धाची भीषणता सांगण्याच्या मिषाने ते त्यास एक रम्य जीर्णत्व अर्पण करतात.

आमच्या कथाकादंबऱ्यांतही चिखल ओतला की वास्तव अवतरते, अशी समजूत आहे, रोग तोच. ज्यास मळ दाखवावयाचा असेल त्याने खुशाल दाखवावा. परंतु ब्रश उचलण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःस करावा: हा डाग कशाने पडला? उत्तर देता येत नसेल, तर पंख स्वच्छ ठेवण्यातच अधिक सत्य आहे.